बरणीत कोंडलेला वास

सर,

मुलगी पुण्याहून निघाली आहे. संध्याकाळपर्यंत ती घरी पोहोचेल, हातपाय धुईल, माझ्या आग्रहाखातर अर्धा कप चहा घेईल आणि मग आईचे कपाट उघडेल. माझ्या पत्नीला जाऊन परवा वर्ष होते. या वर्षभरात मुलीने फोनवर मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट बजावली: "बाबा, आईचं कपाट उघडू नका. वर्षश्राद्धाला मी येईन तेव्हा आपण दोघं मिळून उघडू. मला तिचा वास घ्यायचाय एकदा." श्राद्ध झाले की रिवाजाप्रमाणे साड्या नणंदा-भावजयांत वाटल्या जातील आणि कपाट रिकामे होईल. म्हणजे जे काही घ्यायचे ते तिला आज आणि उद्याच घ्यायचे आहे. आणि त्या कपाटात आता कसलाही वास उरलेला नाही. तो मी घालवला.

हे मी तुम्हालाच का लिहितो आहे, याचे कारण साधे आहे. माझ्या हातून जे घडले ते समजू शकेल असा दुसरा माणूस मला माहीत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली की तुम्ही गेलात त्या वयाहून आज मी मोठा आहे. तरीही प्रयोग बिघडला की पावले तुमच्या खोलीकडेच वळतात.

घडले ते असे. मुकुंदवाडीच्या आमच्या घरात, कपाटामागच्या भिंतीला या पावसाळ्यात ओल आली. कपाट लोखंडी, आत रेशमी साड्या. मला बुरशीची धास्ती बसली. दुसऱ्या कोणी डांबरगोळ्या टाकल्या असत्या किंवा खडूचे तुकडे ठेवले असते. मी माळ्यावरून जिओलाइटचा, ओल शोषणाऱ्या सच्छिद्र खनिजाचा, डबा काढला. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने मोडीत काढलेला तो डबा निवृत्तीच्या वेळी मी घरी आणला होता. ते पांढरे दाणे, सर, मोठ्या छिद्रांच्या, आपल्या भाषेत मोठ्या दारांच्या, प्रकारातलेच, ज्यांच्यावर आपण काम केले. ज्या ओव्हनमध्ये माझी पत्नी नानकटाई भाजत असे, त्याच ओव्हनमध्ये मी ते दिवसभर तापवले, आतले सगळे पाणी घालवले, कापडी पुरचुंड्यांत बांधले आणि साड्यांना हात न लावता प्रत्येक कप्प्यात ठेवले. दाराच्या फटींना चिकटपट्टी लावली. दाणे किती लागतील याचा हिशेब मला करता आला असता. तो न करता, जास्त असलेले बरे, असा विचार मी केला.

दिवाळीनंतर मला ताप आला आणि आठवडाभर मी अंथरुणाला खिळून होतो. उठल्यावर ओलीची पाहणी करावी म्हणून पट्टी काढली आणि दार जेमतेम वीतभर उघडले. सर, त्या कपाटाला एक वास होता. शहागंजातून आणलेले खसाचे अत्तर, साड्यांच्या घड्यांत सारलेली चंदनी साबणाची रिकामी वेष्टने, खळ, केसांचे तेल आणि या सगळ्यांच्या बेरजेत न बसणारे तिचे स्वतःचे काही. दार उघडले की तो अंगावर येत असे. त्या दिवशी काहीही आले नाही. मी डोके आत घातले, पदर नाकाशी धरला. हवा होती, बाकी काही नव्हते.

काय झाले असेल ते मला तिथेच, कपाटात डोके असतानाच कळले. हे दाणे प्रथम पाणी पितात. पण मी गरजेपेक्षा फार जास्त दाणे ठेवले होते आणि आपल्याकडची हिवाळ्याची हवा आधीच कोरडी. पाणी संपले, तरी दाण्यांतल्या असंख्य सूक्ष्म खोल्या रिकाम्या राहिल्या, आणि रिकाम्या खोल्यांनी जे हाती लागले ते ओढून घेतले. मी सगळ्या पुरचुंड्या सोडल्या, दाणे काचेच्या बरणीत भरले, झाकण घट्ट लावले आणि त्यावर मेण ओतले. तेव्हापासून ती बरणी माझ्या पलंगाशेजारच्या मेजावर आहे, आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

आपल्या विषयाचे मर्म तुम्ही मला करमाडजवळच्या तुमच्या घरी शिकवले होते, हे तुमच्या लक्षात होते की नाही कोण जाणे. मी तुमच्याकडे संशोधनासाठी नुकताच आलो होतो. एका रविवारी तुम्ही मला मोटारसायकलवर मागे बसवून गावी नेलेत. मधल्या खोलीत धान्याची कणगी होती, माणसाहून उंच आणि दारापेक्षा रुंद. "ही आत कशी आणली सांग," तुम्ही म्हणालात. मी पाहुणा असूनही उठून वितीने दाराची रुंदी मोजू लागलो. चुलीपाशी बसलेल्या तुमच्या आईला हसू आवरेना. "अरं लेकरा, आणली नाय ती. तुराट्या आत आणल्या अन् हितंच विणली." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "झालं. हाच तुझा विषय. आता गप जेव."

पुढची वर्षे मी तेच करत होतो. जिओलाइट म्हणजे आतून खोल्याच खोल्या असलेले खनिज. खोल्या मोठ्या, दारे लहान. त्या खोल्यांत आधी कोबाल्टचे आयन न्यायचे, मग लहान सेंद्रिय तुकड्यांची वाफ आत सोडायची. चार तुकडे धातूभोवती जुळले की त्यांचा एक मोठा निळा रेणू होतो. तो खोलीत मावतो, दारातून मावत नाही. माझी पहिली पूड गडद निळी झाली तेव्हा ती मी बशीत घेऊन धावत तुमच्याकडे आलो. तुम्ही तिच्यावर बोट टेकवलेत आणि ते निळे झालेले बोट माझ्या नाकासमोर धरलेत. रागावलात की तुम्ही गावाकडचे बोलत असा. "रंग दिसतोय म्हणून आत हाय व्हय? वरून फासलंय हे. जा, धू."

मी धुतली. सॉक्सलेटच्या त्या काचेच्या नळीत पिरिडिन या उग्र वासाच्या द्रावकाची वाफ वर जाई, थंड होऊन पुडीवर ठिबके, रंग घेऊन खाली उतरे आणि पुन्हा वर जाई. खालचा द्राव निळा होत राहिला, वरच्या पुडीचा रंग उतरत राहिला. रोज वाटे, आता थांबेल. मी नवविवाहित होतो. घरी परतलो की माझी पत्नी दारातच नाकाला पदर लावत असे. "विद्यापीठातून आलात की मासळी बाजारातून? आधी अंघोळ, मग बोलणं." अखेरीस एके दिवशी खाली उतरणारा थेंब रंगहीन झाला. पुडीत उरला होता तो अगदी फिका, पाण्यात ढवळलेल्या शाईसारखा निळा. "एवढाच राहिला, सर," मी म्हणालो. माझा चेहरा बहुधा पाहण्यासारखा झाला असावा, कारण तुम्ही खुर्ची पुढे सरकवलीत. "एवढाच होता. बाकीचा नव्हताच. पण ह्यो जो राहिला ना, तो आता कुटं जात नाय. उकळ, घास, काय बी कर."

सर, तो निळा रेणू आत घडला होता, म्हणून राहिला. माझ्या बरणीतले तसे नाही. वास दारातून आत गेला आहे, आणि ज्या दारातून गेला त्याच दारातून तो बाहेर येऊ शकतो. हीच माझी आशा आहे आणि हीच भीती. पाणी मिळाले की हे दाणे आधी धरलेले सोडून देतात, हे आपल्याला ठाऊक आहे. वाटीभर दाण्यांवर दोन चमचे पाणी घातले तर ते गरम होतील आणि आत अडकलेले सारे एकदम बाहेर येईल. खोलीभर दरवळेल, काही मिनिटे टिकेल, आणि संपेल. परत कोंडता येणार नाही. म्हणजे मुलीने विचारलेच, तर मी तिला तिच्या आईचा वास देऊ शकतो, पण एकदाच. तोही बरणीत आजवर दमट हवा शिरली नसेल तर.

या शेवटच्या अटीने माझे जगणे कठीण केले आहे. झाकणावरच्या मेणाला बारीक चीर तर नाही ना, हे मी सकाळी उठल्यावर पाहतो, जेवणाआधी पाहतो, बाहेरून आल्यावर चप्पल काढण्याआधी पाहतो. स्वयंपाकघरात कुकर लागला की वाफेच्या भयाने शयनगृहाचे दार लावून घेतो. गेल्या आठवड्यात घरकामाच्या बाईंनी फडका मारताना बरणी उचलली. "काका, ह्यो साबुदाणा लई जुना झालाय. टाकून देऊ का?" माझा आवाज नको तितका चढला. "त्याला हात लावायचा नाही." त्यांनी बरणी खाली ठेवली. "बरं बाई, नाय लावत. साबुदाणाच हाय, सोनं नाय." आणि आतल्या खोलीतून मला ऐकू जाईल अशा बेताने त्या स्वतःशी म्हणाल्या, "ताई होत्या तवा या घरात माणसावानी बोलायचे."

माझ्या पत्नीला तुमच्याविषयी आदर होता, पण धाक मुळीच नव्हता. तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलात तो दिवस मला नेहमी वर्तमानातच दिसतो. तुम्ही सरळ स्वयंपाकघरात शिरता आणि म्हणता, "सूनबाई, कपड्याची नीळ आहे का घरात? आणि एक लिंबू." ती पुरणपोळी लाटता लाटता विचारते, "जेवणात घालायची आहे का, सर?" तुम्ही मोठ्याने हसता. ती निळीची पूड देते. तुम्ही ओट्यावर बसल्यासारखे टेकता आणि तिला, मला नव्हे, समजावू लागता की नीळ म्हणजे आपलेच काम, मात्र कोणा तरी भट्टीवाल्याने आपल्या कितीतरी आधी केलेले; गंधकाचे निळे कण खनिजाच्या पिंजऱ्यात कोंडलेले, म्हणून इतक्या धुण्यांत तो रंग टिकतो. मग तुम्ही लिंबू पिळता. थोड्या वेळाने निळा रंग राखाडी होऊ लागतो आणि कुजक्या अंड्यांचा वास ओट्यावर पसरतो. पिंजरा मोडला, गंधक सुटले. ती लाटणे खाली ठेवून खिडकी उघडते. "आता या वासात पोळ्या खायच्या का आम्ही?" तुम्ही अत्यंत गंभीरपणे म्हणता, "यालाच संशोधन म्हणतात, सूनबाई." "मग यांना दुसरं काहीतरी शिकवा," ती म्हणते, "हे घरी येतात तेही असेच." त्या दिवशी तुम्ही तीन पोळ्या खाल्ल्यात आणि प्रत्येकीआधी ताट नाकाशी नेऊन तिला चिडवलेत.

काल मी शहागंजात गेलो होतो. जे करण्यासाठी गेलो ते सांगायला संकोच वाटतो. अत्तराच्या दुकानातले वृद्ध गृहस्थ तिला अनेक वर्षे ओळखत. "आओ प्रोफेसरसाब. भाभी नहीं आए?" ती गेल्याचे मी सांगितले. त्यांनी हातातली कुपी खाली ठेवली. "किसी ने बोलाइच नहीं हमको." मग, मी न सांगताच, त्यांनी तिच्या खसाची शीशी काढली आणि काचेची काडी माझ्या मनगटावर फिरवली. मी मनगट नाकाशी नेले. अगदी क्षीण, जवळजवळ काहीच नाही. मी म्हणालो की हे पूर्वीचे अत्तर नाही, यात भेसळ असावी. त्यांना ते लागले. "नको बोलो साब ऐसा. एकीच घर का माल है, भाभी जो लेते थे वहीच. मेरे बाप के टाइम से." मी वाद घातला नाही. शीशी घेतली आणि परतलो.

बेत असा होता की आज दुपारी कपाटाच्या कप्प्यांत अत्तराची चार बोटे फिरवावीत, नवी साबण-वेष्टने घड्यांत सारावीत, आणि काही न बोलता मुलीला दार उघडू द्यावे. वाटतो तेवढा हा बेत वाईट नाही, अशी मी सकाळपासून स्वतःची समजूत घालतो आहे. ती प्रवासाने थकलेली असेल. खसाचा वास आला की डोळे भरून येतील. पुढचे ती तपासणार नाही. पण शीशी हातात घेतली की तुमचे ते निळे बोट डोळ्यांसमोर येते. वरून फासलेले किती वेळ टिकेल? आणि तिच्या लक्षात आलेच, की हे नुसते अत्तर आहे, आई नाही, तर त्यानंतर ती माझ्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवील? मग बरणीच उघडावी का? आज उघडावी की श्राद्धाच्या दिवशी? तिला आधी सांगावे की नंतर? तुम्ही असतात तर, सर, आधी उठून बरणी हलवून पाहिली असतीत आणि मग मला काहीतरी लागेल असे बोलला असतात. त्याचीही मला आज गरज आहे.

फोन वाजला. वाळूज ओलांडले, आता पोहोचतेच, असे ती सांगते आहे. शीशी मी मेजाच्या खणात ठेवतो. अत्तर लावलेले नाही.

पत्र काल इथेच थांबले होते. आता दुसऱ्या दिवसाची सकाळ आहे, मुलगी अजून झोपलेली आहे, आणि झाले ते क्रमाने लिहिले पाहिजे.

तिने चहा घेतला नाही. बॅग दारात ठेवली आणि "किल्ली?" म्हणाली. मी तिच्या मागोमाग गेलो. दार उघडण्याआधीच मी बोलू लागलो. दुपारभर वाक्ये तयार केली होती. ओल, दाणे, कोरडी हवा, माझा न केलेला हिशेब. ती ऐकत होती की नाही, कळले नाही. तिने दोन्ही दारे उघडली, दोन्ही हातांनी साड्यांची चळत धरली आणि तोंड तिच्यात खुपसले. मी बोलतच होतो. साड्यांच्या आतून तिचा आवाज आला, "बाबा, जरा गप्प बसा." तिचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. "आहे सगळं," ती म्हणाली. "तसंच आहे. अत्तर आहे, साबण आहे, आई आहे."

ती मला सांभाळून घेते आहे असे मला वाटले, आणि ते मला सहन झाले नाही. मी बरणी आणली, मेण फोडले, वाटीत दाणे ओतले आणि तिच्यासमोर पाणी घातले. वाटी चांगलीच तापली. "अरे, गरम झालं की हे," ती लहानपणी म्हणायची तशी म्हणाली. मग वाकून तिने वास घेतला. "याला कसलाच वास नाही, बाबा. धूळ आहे थोडी." तिने डोळे पुसत माझ्याकडे पाहिले आणि हसली. "तुम्ही आईच्या कपाटात प्रयोगशाळा मांडली होतीत? ती असती तर घराबाहेर काढलं असतं तुम्हाला."

पाणी आणतो असे सांगून मी स्वयंपाकघरात गेलो. हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. मग कॉफी. मग लसणाची पाकळी नखाने चुरडली. सर, काहीही नाही. दिवाळीनंतरच्या तापाने माझे नाक गेले आहे, आणि त्यानंतर जे जे मी हुंगले, कपाट, बरणी, त्या बिचाऱ्या माणसाचे अत्तर, त्या प्रत्येकावरून मी निष्कर्ष काढले. जेवणाचा डबा पाठवणाऱ्या बाईंनाही मी मसाला वाढवा म्हणून दोनदा सांगितले होते. माझा सारा सिद्धांत ज्या एका उपकरणावर उभा होता ते चालू आहे की नाही, हे पाहण्याची मला एकदाही बुद्धी झाली नाही. दाण्यांनी त्यांचे काम केले होते. ओल प्यायली आणि बाकी कशाला हात लावला नाही. तापानंतर असे होते म्हणतात. कधी परत येते, कधी येत नाही. सोमवारी डॉक्टरांना दाखवीन. पण उद्या श्राद्ध आहे आणि सोमवारपर्यंत साड्या घरोघरी गेलेल्या असतील.

मी परत आलो तेव्हा ती पलंगावर बसली होती. मांडीवर आईची मोरपंखी साडी उलगडलेली. "या, बसा इथं," ती म्हणाली. तिने पदराची घडी माझ्या नाकाशी धरली. "येतो ना, बाबा?" मी डोळे मिटले. वास घेणाऱ्या माणसाला लागेल तेवढा वेळ घेतला. "येतो," मी म्हणालो. मग म्हणालो, "ही वाटू नकोस. ही राहू दे इथे." तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले आणि आम्ही दिवा न लावता बराच वेळ तसेच बसलो.

हे पत्र मी मुलगी उठण्याआधी फाडून टाकणार आहे, कारण ते तिच्या हाती लागलेले मला चालणार नाही. तुमच्यापाशी मात्र जे झाले तेच सांगितले पाहिजे. साडी नाकाला लागली तेव्हा मला फक्त रेशीम लागले, थंडगार.